राहत्या घराची झाडलोट

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक टाकणाऱ्यांचा आणि एक ठेवणाऱ्यांचा. टाकणाऱ्यांचे पुढारी आमचे हे. ह्यांच्या मते सहा महिन्यांत जी वस्तू वापरली गेली नाही तिला घरात राहण्याचा हक्क नाही. ठेवणाऱ्यांच्या पुढारी सासूबाई. त्यांच्या मते सहा महिने जी वस्तू लागली नाही ती सातव्या महिन्यात हटकून लागते, आणि टाकून दिली असेल तर आठवडाभरातच लागते. दोन्ही पक्षांची भाषणे मला आता पाठ झाली आहेत. माझा पक्ष तिसरा. त्यात मी एकटीच आहे, आणि आमच्या पक्षाला भाषण करायला सवड नसते. कारण प्रत्यक्ष केरसुणी आमच्या हातात असते.

या तिसऱ्या पक्षाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक झालेली असते. टाकणे सोपे आणि ठेवणेही सोपे. कठीण असते ते ही वस्तू कशाची आहे हे कळणे. आमच्याकडे सतरा किल्ल्यांचा एक जुडगा आहे. त्यातल्या पाच किल्ल्या कोणत्या कुलपांच्या ते आम्हांला माहीत आहे. उरलेल्या बारांची कुलपे याच घरात आहेत, गावाकडच्या घरी राहिली, की मोडीत गेली, हे कुणालाच सांगता येत नाही. दर दिवाळीला मी तो जुडगा खाली काढते, पुसते आणि पुन्हा खिळ्याला लावते. त्या बारा किल्ल्यांवर आमचे प्रेम आहे अशातला भाग नाही. आम्हांला त्यांची भीती वाटते. टाकली आणि नेमकी तीच लागली तर?

ही भीती केवळ आमच्या घरापुरती नाही, तिच्यावर मोठमोठे लोक पुस्तके लिहितात आणि ती घालवायला हत्यारेही तयार करतात, हे मला कळले ते माझ्या भाचीमुळे. ती कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पुण्याला एका कंपनीत नोकरी करते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ती चार दिवस आमच्याकडे आली ती तोंड पाडूनच. तिच्याबरोबर लागलेल्या मुलांना नवीनवी कामे मिळाली होती, आणि हिच्या वाट्याला आला होता एक वीस वर्षांचा म्हातारा प्रोग्रॅम. मूळ लिहिणारे केव्हाच नोकरी सोडून गेलेले. कशात काय आहे हे सांगणारे कागद नाहीत. प्रोग्रॅम मात्र रोज चालतो आणि त्याच्यावर कितीतरी गिऱ्हाइकांचे व्यवहार अवलंबून. हिने करायचे काय, तर तो एक दिवसही बंद न ठेवता हळूहळू स्वच्छ करायचा.

"मावशी, चार वर्षं इंजिनिअरिंग केलं ते काय झाडू मारायला?" ती म्हणाली. राजीनाम्याचा मसुदा तिच्या मोबाइलमध्ये तयारच होता.

मी त्या वेळी डोक्याला फडके बांधून, हातात केरसुणी घेऊन स्टुलावर उभी होते. तिचे ते वाक्य मला थोडे लागलेच. मीही एम. ए. केले ते झाडू मारायला नव्हे. पण झाडू काही चुकलेला नाही. मी खाली उतरले, चहा टाकला आणि म्हटले, "बस. तुझं घर किती घाण आहे ते मला नीट सांग."

पुढचे चार दिवस आम्ही दोघी याच विषयावर बोललो. मला त्यातले जे समजले ते इथे सांगते.

प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञांची लांबलचक पोथी. या पोथीच्या मजकुराला कोड म्हणतात. एकाने ती लिहिली, दुसऱ्याने समासात भर घातली, तिसऱ्याने घाईघाईने मध्येच एक पान चिकटवले, चौथ्याने ते पान काढायचे सोडून त्याच्यावर दुसरे पान चिकटवले. पोथी वाचली जाते, तिच्यावर काम चालते. पण अमुक ओळ का आहे असे विचारले तर सगळे एकमेकांकडे पाहतात. अशा कोडाला इंग्रजीत 'लेगसी' म्हणतात. म्हणजे आपला वारसा! मला हा शब्द फार आवडला. वारशात घर येते आणि घरावरचे कर्जही येते. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९२ साली हीच कर्जाची उपमा दिली होती. आज घाईत केलेले काम म्हणजे घेतलेले कर्ज. ते वेळेवर नीट केले नाही तर पुढच्या प्रत्येक कामावर व्याज चढत जाते. मायकेल फेदर्स यांनी २००४ साली या विषयावर सबंध पुस्तकच लिहिले. त्यांची व्याख्या आणखी मार्मिक आहे. ज्या कोडाची तपासणी करण्याची सोय नाही तो लेगसी कोड, मग तो कालच लिहिलेला का असेना. म्हणजे प्रश्न वयाचा नाहीच. हात लावला तर काय मोडेल हे कळत नाही, हाच त्याचा जुनेपणा. आमच्या बारा किल्ल्याच त्या!

"मग सगळं टाकून नवीनच का लिहीत नाहीत?" हा प्रश्न अर्थात ह्यांचा. पक्षाचे धोरण कुठेही सुटत नाही.

त्यावर भाचीने नेटस्केपची गोष्ट सांगितली. इंटरनेट नवे होते तेव्हा ते पाहण्यासाठी पुष्कळ लोक नेटस्केपचा ब्राउझर वापरीत. १९९८ साली तिथे जुना कोड बाजूला ठेवून नव्याने उभारणी करायचे ठरले. चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी बाहेर पडलीच नाही. एकदम सहावी आली, ती २०००च्या नोव्हेंबरात. तोवर मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने बाजार काबीज केला होता. त्या नव्या उभारणीतूनच पुढे २००४ साली फायरफॉक्स निघाला, तेव्हा श्रम अगदीच वाया गेले असे म्हणता येत नाही. पण ज्यांनी घर पाडले त्यांना नव्या घरात सुखाने राहायला काही मिळाले नाही. जुन्या कोडात जी वेडीवाकडी ठिगळे दिसतात त्यातली कितीतरी कुणाच्या तरी खऱ्या अडचणीवरचे उपाय असतात. पाडताना ते उपायही जातात, आणि अडचणी मात्र नव्या घराचा पत्ता शोधत येतात.

सासूबाई हे ऐकून फार खूश झाल्या. पण त्यांचाही पक्ष पुरता निवडून आला नाही. कारण भाचीने दुसरी गोष्ट सांगितली ती ठेवणाऱ्यांच्या नव्हे, झाडणाऱ्यांच्या विजयाची. आणि ती गोष्ट होती मी ज्यात लिहिते त्या प्रोग्रॅमाचीच.

मी माझी टिपणे, प्रश्नपत्रिका आणि हा लेखसुद्धा लिब्रेऑफिसमध्ये टंकते. तो फुकट मिळतो आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात, एवढेच मला त्याच्याबद्दल माहीत होते. त्याचे कूळ मात्र मोठे चित्तवेधक निघाले. जर्मनीत ल्युनेबुर्ग गावी मार्को ब्योरीस नावाच्या मुलाने शाळकरी वयातच, १९८५ साली, स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. तिचा लिहिण्याचा प्रोग्रॅम वाढत वाढत स्टारऑफिस झाला. १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली, आणि २००० साली त्याचा कोड ओपनऑफिस या नावाने जगाला खुला केला. २०१० साली सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात पुष्कळ प्रोग्रॅमरांनी वेगळी चूल मांडली आणि तिला लिब्रेऑफिस हे नाव दिले. म्हणजे वेगळे निघालेल्या भावांनी सामान तर जुनेच उचलले, आणि नव्या बिऱ्हाडात सोडून पाहतात तो काय! लक्षावधी ओळींचा कोड, पंचवीस वर्षांची धूळ, आणि भिंतीवर जागोजागी लिहिलेल्या चिठ्ठ्या, त्याही जर्मन भाषेत.

या चिठ्ठ्यांपाशी माझे कान टवकारले. कोडामध्ये काही मजकूर कॉम्प्युटरसाठी नसतोच. तो मागून येणाऱ्या माणसासाठी असतो. 'इथे असे का केले', 'याला हात लावण्यापूर्वी तिकडचे पाहा', अशा टिपा. कॉम्प्युटर त्या ओलांडून पुढे जातो. मूळ मंडळी जर्मन, त्यामुळे टिपाही जर्मनमध्ये. नव्या बिऱ्हाडात अनेक देशांची माणसे. म्हणजे घराची सगळी गुपिते भिंतीवर लिहिलेली, पण निम्म्या माणसांना ती लिपी वाचता येत नाही.

लक्षावधी ओळींतून जर्मन टिपा हुडकायच्या कशा? त्यासाठी त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो कोडातल्या टिपा तेवढ्या वेगळ्या काढतो आणि प्रत्येकीची भाषा कोणती असावी याचा अंदाज करतो. गंमत अशी की त्या प्रोग्रॅमाला जर्मन येत नाही! कोणत्या भाषेत कोणती अक्षरे एकापुढे एक किती वेळा येतात एवढेच त्याला ठाऊक असते. मला यात काहीच नवल वाटले नाही. मराठी न जाणणाऱ्या माणसालाही मी पाच मिनिटांत मराठी आणि हिंदी मजकूर वेगळा करायला शिकवीन. 'ळ' वारंवार दिसला, शब्दांच्या शेवटी 'च्या' आणि 'ला' येऊ लागले, की समज ती मराठी. अर्थ कळायची जरूर नाही. टीप दोनच शब्दांची असेल तर ही चाळणी फसते. पण चाळणीने खडे आणि तांदूळ ढोबळमानाने वेगळे केले म्हणजे पुरे. शेवटचा खडा बोटांनीच वेचायचा असतो.

तो वेचण्याचे काम त्यांनी कुणाला दिले, तर नवशिक्यांना. ज्याला थोडे जर्मन येते पण हा कोड ठाऊक नाही अशा माणसाने एक फाइल घ्यावी, तिच्यातल्या टिपांचे इंग्रजी करावे आणि पाठवून द्यावे. एक फाइल म्हणजे एका संध्याकाळचे काम. भाषांतर करता करता तो कोडही वाचून होतो. नव्या सुनेला पहिल्या दिवशी कुणी स्वयंपाकघराचा ताबा देत नाही. डबे पुसायला सांगतात. डबे पुसता पुसता कुठल्या डब्यात काय ते तिला आपोआप कळते. माझ्या सासूबाईंची ही युक्ती मला लग्नानंतर फार उशिरा उमगली. वर्षानुवर्षे अशी एक एक फाइल पुसत त्या मंडळींनी जर्मन टिपांचा ढिगारा उपसत आणला.

दुसरे हत्यार किल्ल्यांसाठी. त्याचे नाव 'कॉलकॅचर'. प्रोग्रॅम अनेक छोट्या छोट्या विभागांचा बनलेला असतो आणि एक विभाग काम पडले की दुसऱ्याला हाक मारतो. हे हत्यार दोन याद्या करते. एक, अस्तित्वात असलेल्या सगळ्या विभागांची; दुसरी, ज्यांना कुणी ना कुणी हाक मारते त्यांची. पहिल्या यादीतून दुसरी वजा केली की उरतात ते कुणीही न बोलावलेले, कोपऱ्यात बसून राहिलेले. ती यादी कोडाबरोबरच सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली असे. ज्याला सवड असेल त्याने तिच्यातला एक घ्यावा, खात्री करावी आणि काढून टाकावा. यातली खरी मौज पुढे आहे. एक निरुपयोगी विभाग काढला की त्याने एकट्यानेच ज्याला हाक मारलेली असते तोही उघडा पडतो, आणि पुढच्या यादीत त्याचे नाव येते. माळ्यावरची पेटी काढावी तेव्हा तिच्यामागची सुरई दिसावी, तसे. म्हणून ही झाडलोट एकदा करून भागत नाही. पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि प्रत्येक वेळी थोडे अधिक आतले दिसते.

तिसरे हत्यार नावे बदलण्याचे. जुने नाव चुकीचे किंवा फसवे असेल तर ते सगळीकडे एकदम बदलायचे. यात काय मोठेसे, असे ज्यांना वाटेल त्यांनी लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला विचारावे. बँक, शिधापत्रिका, विमा, कॉलेजचे दप्तर. एका ठिकाणी जुने नाव राहिले की सगळे अडते. शिवाय तेच नाव असलेली दुसरीच कुणी बाई असेल, तर तिचे बदलता कामा नये! नुसती अक्षरे पाहून शोधणाऱ्याला हा भेद कळत नाही. म्हणून ही हत्यारे कोडाचे व्याकरण जाणतात. कुठला शब्द कुणाला उद्देशून आला आहे ते पाहूनच बदलतात. मार्टिन फाउलर यांचे १९९९ सालचे प्रसिद्ध पुस्तक याच विद्येवर आहे. तिचा नियम एकच : पावले लहान टाकायची, आतली मांडणी सुधारायची, पण बाहेरून प्रोग्रॅम वागायचा तो तसाच वागला पाहिजे.

आणि चौथे हत्यार म्हणजे पहारेकरी. लिब्रेऑफिसमध्ये कोडाचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरलाच त्यांनी आपले नियम शिकवून ठेवले आहेत. एकदा काढून टाकलेली जुनी खोड कुणी नव्या कोडात पुन्हा आणू लागला की कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. माझ्या मते हे सगळ्यांत शहाणपणाचे हत्यार. घर झाडणे सोपे. चपला दाराबाहेर काढायला लावणे महाकठीण.

"पण याचा आम्हां वापरणाऱ्यांना काय उपयोग?" ह्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. भाचीने लगेच उत्तर दिले. त्या जुन्या कोडात मजकूर साठवण्याची एक जुनी पद्धत होती. तिची मोजपट्टी एवढी आखूड, की एका परिच्छेदात ६५,५३५पेक्षा अधिक अक्षरे मावतच नसत. आमच्या काही विद्वान मित्रांचे परिच्छेद पाहता ही अडचण काल्पनिक म्हणता येणार नाही! ती पद्धत हजारो ठिकाणी वापरलेली. एकदम उपटता येण्याजोगी नव्हे. त्यांनी ती एक एक ठिकाणाहून काढत नेली. हे चालले असताना बाहेर कुणाला काही दिसत नव्हते. अखेर २०१४ साली ४.३ ही आवृत्ती आली तेव्हा ती मर्यादा नाहीशी झाली. वर्षांपासूनची तक्रार मिटली, आणि ती नुसते डागडुजी करून मिटण्यासारखी नव्हती. खालची झाडलोट झाली म्हणून मिटली.

आता भीतीचे काय? यादीवर नाव आले म्हणून किल्ली टाकायची, तरी हात कापायचाच. त्याच्यावरचा उपाय फेदर्स यांनी सांगितला आहे आणि तो मला सगळ्यांत अधिक भावला. कोड बदलण्यापूर्वी तो आज कसा वागतो हे तपासण्यांच्या रूपाने जसेच्या तसे नोंदवून ठेवायचे. बरोबर वागतो की चूक, हा प्रश्न त्या वेळी विचारायचाच नाही. चूक असली तरी कुणीतरी तिच्यावर विसंबलेला असू शकतो. मग एक लहान बदल करायचा आणि सगळ्या तपासण्या पुन्हा लावायच्या. लिब्रेऑफिसमध्ये अशा तपासण्यांत एखादा दस्तऐवज उघडतात, जतन करतात, पुन्हा उघडतात, आणि पहिल्यात नि दुसऱ्यात फरक पडला का ते पाहतात. मिक्सर दुरुस्तीला उघडण्यापूर्वी शहाणा माणूस त्याचा फोटो काढून ठेवतो, तसेच हे.

त्यातूनही काही मोडलेच, तर 'गिट' नावाचे दप्तर आहे. कोडातला प्रत्येक बदल कुणी केला, केव्हा केला आणि का केला याची त्यात नोंद राहते. त्यात एक आज्ञा आहे तिचे नावच 'ब्लेम'. ती दिली की प्रत्येक ओळीपुढे तिच्या कर्त्याचे नाव उमटते. (ही सोय आमच्या घरात कॉम्प्युटरशिवायच पूर्वापार चालू आहे.) आणखी एक आज्ञा आहे ती दिवाळीच्या दिव्यांची माळ दुरुस्त करणाऱ्याला लगेच समजेल. परवापर्यंत ठीक होते, आज बिघडले, मध्ये हजार बदल झाले. तर नेमका कोणत्या बदलाने घात केला? बरोबर मधला बदल तपासायचा. तिथे ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. असे निम्मे निम्मे करत गेले की हजारांतला अपराधी दहा फेऱ्यांत सापडतो. लिब्रेऑफिसवाल्यांनी तर जुन्या काळच्या तयार आवृत्त्याच ओळीने साठवून ठेवल्या आहेत. त्यामुळे ज्याला प्रोग्रॅमिंगचा गंध नाही असा स्वयंसेवकही हा शोध घेऊ शकतो.

हे ऐकता ऐकता मला आमच्या शास्त्राची आठवण झाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली सुरू झाली आणि १९६६ साली पुरी झाली. तीत काम करणाऱ्यांनी दुसरे काय केले? पोथ्या गोळा केल्या, कोणत्या पोथीत काय आहे ते जसेच्या तसे उतरवून घेतले, आणि मगच एक एक पाठ ठरवला. सोडलेला पाठसुद्धा तळटिपेत जपून ठेवला, म्हणजे मागून येणाऱ्याला हिशेब तपासता यावा. त्याच्याही मागे जायचे तर एकनाथमहाराज. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ती शुद्ध केली. त्याच्या अकरा वर्षे आधीच त्यांचे स्वतःचे भागवत लिहून झालेले होते. नवी ओवी लिहिता येत नव्हती म्हणून ते दुसऱ्याचा ग्रंथ झाडीत बसले, असे कुणाची म्हणायची छाती आहे? मला तर उलट वाटते. ज्याला स्वतःला उत्तम लिहिता येते त्यानेच जुन्याला हात घालावा. कारण कुठे हात घालू नये हे त्यालाच कळते.

हे मी भाचीला सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "मावशी, हे सगळं खरं. पण वर्षाच्या शेवटी साहेब विचारतात, यंदा नवीन काय केलं? मी काय सांगू, काही मोडलं नाही म्हणून?"

या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. घर झाडणाऱ्या बाईला हा प्रश्न कुणी विचारीत नाही, त्याचे कारण तिचे काम कुणाला दिसतच नाही. ते न केल्याचे मात्र चौथ्या दिवशी दिसते. सासूबाई इतका वेळ वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, केर मोजून दाखवावा. घर स्वच्छ दिसलं की लोकांना वाटतं ते मुळातच तसं होतं."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. कारण लिब्रेऑफिसच्या मंडळींनी नेमके हेच केले होते. किती जर्मन टिपा उरल्या, किती निरुपयोगी विभाग उरले, याचे खाली खाली उतरत जाणारे आलेख ते नव्या आवृत्तीच्या वेळी प्रसिद्ध करीत. जी हत्यारे केर शोधतात तीच केर मोजतातही. आजवरच्या झाडलोटीला जे कधी मिळाले नाही ते यांच्यामुळे मिळाले : साक्षीदार. न दिसणारे काम आकड्यांनी दिसू लागले, आणि दिसू लागले म्हणून ते करायला आणखी माणसे आली.

भाची पुण्याला परत गेली. राजीनाम्याचे पत्र तिने अजून पाठवलेले नाही, खोडलेलेही नाही. मधून मधून फोनवर एक आकडा मात्र सांगते. पहिल्या महिन्यात तिच्या म्हाताऱ्या प्रोग्रॅमातले कुणीही न बोलावलेले चाळीस विभाग गेले, दुसऱ्या महिन्यात पंचवीस. परवा साहेबांच्या टेबलावर आपण आलेख ठेवला असे म्हणाली. साहेब काय म्हणाले ते मी विचारले नाही. तिने सांगितलेही नाही. पण तिच्याबरोबरच्या एका मुलाने येऊन, "मलाही एखादा विभाग दे ना," असे म्हटल्याचे तिने दोनदा सांगितले.

मला स्वतःला या सगळ्यात एका दुसऱ्याच जुन्या घराचा विचार सुचतो. ते म्हणजे आपली मराठी. शतकानुशतकांचे हे घर एक दिवसही दुरुस्तीसाठी बंद ठेवता येत नाही. कारण आपण सगळे त्यातच राहतो. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम सरकारने मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिखाणातून निघाले. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली. कुणीही हाक न मारणाऱ्या त्या टिंबांना निरोप देताना केवढे वाद झाले होते! पण भाषा बंद पडली नाही, आणि जुनी पुस्तकेही वाचता येईनाशी झाली नाहीत. सासूबाई शाळेत शिकल्या त्या जुन्या नियमांनी. वाणसामानाच्या यादीत त्या आजही 'घरांत' आणि 'डब्यांत' लिहितात, त्या टिंबांसकट. मी ती यादी घेऊन दुकानात जाते आणि सामान बरोबर येते. जुने असे विनातक्रार वाचता आले, आणि नवे लिहिताना त्याचे ओझे वाटले नाही, म्हणजे झाडलोट चांगली झाली असे मी समजते.